पहिलं पाणी

रविवार, १४ जून

ताई,

तू बरी आहेस ना, एवढं आधी कळव. गाडी चुकली असेल, नातवाला ताप आला असेल, तुझा तो पाय परत मुरगळला असेल. सकाळपासून मी तुझ्यासाठी इतकी कारणं शोधून ठेवली आहेत की तुला स्वतःला तेवढी सुचायची नाहीत. फोन लावला की नुसता वाजत राहतो. शेवटी फादरांकडून तुझ्या मुलाचा पत्ता घेतला. त्यांनी तो लगेच दिला, आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

आजचा दिवस तूच ठरवला होतास. माझा बाप्तिस्मा, आणि धर्ममाता म्हणून माझ्या मागे तू. तू शिवून, धुऊन, इस्त्री करून दिलेला पांढरा झगा घालून मी पहिल्या बाकावर बसले. शेजारी पिशवी ठेवून तुझी जागा अडवली. ऑर्गनवाले काका दोनदा येऊन विचारून गेले, "आल्या का बाई?" मी म्हटलं, येईल हो, उशीर करणारी नाही ती. फादरांनी हाक दिली तशी मी उठून पाण्याच्या कुंडापाशी गेले.

सरावाच्या दिवशी तू माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होतास. जड आणि गरम, जन्मभर इस्त्री फिरवलेला हात. मी तिथे उभी राहून त्या हाताची वाट बघत होते. मागे कुणी नव्हतं. फादर हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुणाला उभं करू या का?" काका स्टुलावरून अर्धे उठलेसुद्धा. मी म्हटलं, "नको. ताई येणार आहे." मग एक गाणं झालं. मग आणखी एक. मग काकांना येणारी सगळी गाणी संपली आणि त्यांनी पहिलंच परत सुरू केलं. शेवटी फादरांनी पुढची प्रार्थना चालू केली आणि माझं राहिलं. मी परत येऊन पिशवीशेजारी बसले.

घरी वहिनीने दार उघडलं. माझे केस कोरडे आहेत हे तिला दिसलं. दादा खिडकीपाशी किल्ली घासत बसला होता. त्याचं कुलपांचं दुकान रविवारी घरी येतं. कानस क्षणभर थांबली, मग परत चालू झाली. चार महिने हा माणूस माझ्याबरोबर जेवायला बसलेला नाही, ते ह्याच दिवसापायी. "तुला बोलावणारी बाई तुला तिथेच सोडून निघून जाईल," असं तो म्हणाला होता, तेव्हा मी त्याला किती बोलले होते, तेही तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी तुला ते हसत हसत सांगितलं होतं, आणि तूही हसली होतीस.

लवकर कळव. रागावलेली नाही. काळजी वाटते आहे.

तुझी चिमटी


मंगळवार, २३ जून

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. काळजी वाटते असं त्यात लिहिलंय, ते मी परत घेते.

आज सकाळी लाँड्रीत मुकादमांना म्हटलं, ताईंची रजा कधी संपते? ते मळक्या कपड्यांच्या गाडीवर टेकून माझ्याकडे बघत राहिले. "कसली रजा? नोकरी सोडली त्यांनी. मे महिन्यातच सांगितलं होतं. निरोप-बिरोप काही करू नका म्हणाल्या. तुला ठाऊक नाही? तुम्ही तर एका ताटात जेवणाऱ्या." मी म्हटलं, "ठाऊक आहे हो, विसरले." असं कुणी विसरतं का? पण त्यांच्यासमोर मला तोंड पाडायचं नव्हतं. नंतर तुझं कपाट उघडून बघितलं. आत रबरी हातमोजे आणि अर्धी साबणाची वडी. स्वतःचा कप नेलास, खुंटीवरचा आरसा नेलास. साबण माझ्यासाठी ठेवलास वाटतं.

म्हणजे सरावाच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस, तेव्हा तुझं सामान बांधून झालं होतं. आणि मला म्हणालीस, "आठ दिवसांत येते गं, नातवाचं तोंड बघून." त्याच्या आधीच्या आठवड्यात झग्याची लांबीही विचारली होतीस. घोट्यापर्यंत हवा की जरा वर. निघून जाणाऱ्या बाईला माझ्या झग्याच्या लांबीशी काय करायचं होतं?

तू मला पहिल्यांदा बोलावलंस ते आठवतंय का? मला रोज आठवतं, कारण रोज तेच काम करते. हॉस्पिटलच्या वॉर्डातली मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, ताणायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. दिवसभर तू माझ्याकडे अशी चालत यायचीस. माझी आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. कुणाशी बोलायला नको म्हणून मी तोंडात कपड्यांचे चिमटे धरून ठेवायची, त्यावरून तू मला चिमटी म्हणायला लागलीस. एकदा टोकं माझ्या हातात देताना तू ती सोडलीच नाहीस. म्हणालीस, "रविवारी माझ्याबरोबर चर्चमध्ये येतेस का?" मी चिमटे काढून म्हटलं, मला तिथलं काही येत नाही. तू म्हणालीस, "काही करायचं नाही. नुसती शेजारी बस. नाही आवडलं तर उठून जा. दाराला कडी नसते."

मला आयुष्यात कुणी कुठे बोलावलेलं नव्हतं, ताई. कामाला बोलावतात, आजारपणात उशाशी बसायला बोलावतात, ते वेगळं. मी आले ती देवासाठी नाही, त्या बोलावण्यासाठी. देव नंतर आला, हळूहळू, एखादं भिडस्त माणूस घरात येतं तसा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले.

मघाशी दादाने हाक मारली, "जेवायला बस." चार महिन्यांनी. ताट वाढलेलं होतं. म्हणाला, "झालं ते झालं. सुटलीस." मला वाटलं होतं की चार शब्द सुनावेल, मग मलाही भांडता आलं असतं. तो एक शब्द टोचून बोलला नाही. मी बसले आणि पोटभर जेवले, आणि त्याचाच मला राग आला.

खाली नाव घालत नाही. ते तूच ठेवलेलं होतं.


सोमवार, ६ जुलै

ताई,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून परत लिहिते. उत्तर मागत नाही.

फोन लाँड्रीच्या टेबलावर, आणि मागे कपडे सुकवायचं यंत्र धडधडत होतं. तू काहीतरी पुटपुटलीस. मी म्हटलं, "ऐकू येत नाही, मोठ्याने बोल." तू म्हणालीस, "माझा विश्वास राहिलेला नाही गं." मी म्हटलं, "काय?" मग तू ओरडून सांगितलंस, सुनेच्या घरात उभी राहून, देवावर तुझा विश्वास उरलेला नाही म्हणून. तुझ्या मागे कुणाच्या तरी हातातून भांडं पडल्याचा आवाज आला. ताई, मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तरी मी तुला परत बोलायला लावलं. वाईट वागले, आणि अजून तरी मला त्याचं वाईट वाटत नाही.

मग तू सगळं सांगितलंस. तुझे यजमान आपल्याच हॉस्पिटलात गेले हे मला माहीत होतं. त्यांच्या अंगाखालची चादर, जिच्या कोपऱ्याला तू स्वतः रफू केलं होतंस, ती तू कामावर परत आलीस त्या दिवशी आपल्याच ढिगात खाली आली, हे माहीत नव्हतं. तू ती इतर चादरींसारखीच धुतलीस, वाळवलीस, घडी केलीस. घडी करताना आतलं काहीतरी गेलं, म्हणालीस, ते परत आलं नाही. समोरचं टोक माझ्या हातात होतं, म्हणालीस. मला आठवत नाही. माझ्यासाठी ती एक चादर होती. तेव्हाच मला काही म्हणाली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं?

मी विचारलं, "मला बोलावलंस ते ह्याच्या आधी की नंतर?" मागचं यंत्र थांबलं, मुकादम फोन आटप म्हणून खूण करून गेले, मग तू म्हणालीस, "नंतर."

ज्या घरातून तू स्वतः बाहेर पडली होतीस, त्याचंच दार उघडून तू मला आत बोलावलंस. का, तर "एकटीला आत जाववत नव्हतं. तू शेजारी बसलीस, डोळे मिटलेस, की तुझ्याकडे बघून वाटायचं, माझंही येईल परत." मला वाटत होतं की तू मला सांभाळून नेते आहेस. तू माझ्यावर हात शेकत होतीस. आणि त्या दिवशी का आली नाहीस? तर फादर सगळ्यांसमोर विचारणार, हिच्या श्रद्धेची तू साक्षीदार आहेस का, हिला पुढची वाट दाखवशील का. त्यावर खोटं हो म्हणायला जीभ वळली नसती, म्हणालीस.

दीड वर्ष दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून प्रार्थना म्हणायला जीभ बरी वळली. तुला आयुष्यात एकदाच खरं वागायची हुक्की आली, आणि तिला मुहूर्त सापडला तो माझ्या बाप्तिस्म्याचा. फादरांना तू निघण्याआधीच सगळं सांगितलं होतंस, हेही कळलं. मी त्यांना जाब विचारला. ते म्हणाले, "तिचं होतं ते. तिनेच तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, येईल." म्हणजे त्या दिवशी वाट बघणारी मी एकटी नव्हते. एवढंच काय ते समाधान.

फादर विचारतात, पुढचा दिवस धरू का. मी सांगते म्हटलंय. दादा म्हणतो, परत तिकडे पाय ठेवलास तर ह्या वेळी ताट कायमचं उचलीन. रोज आम्ही तिघं एकत्र जेवतो, दादा दुकानातल्या गमती सांगतो, स्वतःच्या घरात स्वतःला कोंडून घेणाऱ्या लोकांच्या. मला आईच्या वेळचे दिवस आठवतात. मी नाही म्हटलं की हे सगळं माझं आहे. आणि हो कशाच्या जोरावर म्हणू? माझ्याकडे जे काही आहे ते तुझ्याकडून आलं, आणि देताना तुझ्याकडे काही नव्हतं. मग माझ्या हातात आहे ते काय आहे, हे मला कुणी सांगत नाही.


शनिवार, १ ऑगस्ट

ताई,

तुझ्यामागे वेदीचे कपडे धुवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाही म्हणणार होते. फादरांनी विचारलंच नाही, नुसती मागच्या खोलीची किल्ली हातात दिली. तेव्हा दर शनिवारी मी तिथे असते. तेच पांढरं पत्र्याचं भांडं, तीच मोरी, तोच गळका नळ.

तू मला तिथे पहिल्यांदा नेलंस तेव्हा प्रार्थना-बिर्थना काही सांगितली नव्हतीस. द्राक्षारसाचा प्याला पुसायचे ते लहान रुमाल भांड्यात बुडवून म्हणालीस, "ह्याचं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. मातीत घालायचं, झाडाच्या बुंध्याशी. त्यात प्रभूच्या रक्ताचा थेंब असतो असं आपण मानतो. तो गटारात कसा सोडायचा?" मला हसू आलं होतं. हॉस्पिटलातलं नाही नाही ते आपण रोज गटारात सोडतो, आणि इथे एवढासा रुमाल. पण तू हसली नाहीस. भांडं दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता बाहेर घेऊन गेलीस. एखादी गोष्ट इतकी जपायची असते हे मी त्या दिवशी बघितलं. नंतरच्या सगळ्या शिकवणीत मला ह्याच्यापलीकडे कुणी काही शिकवलं नाही.

आता दुसरं सांगते. हिवाळ्यात एकदा मी चिमटे घ्यायला आत आले तेव्हा तू तेच पाणी मोरीत ओतत होतीस. आपली नजरानजर झाली. मला वाटलं, दमली असेल, बाहेर गारठा आहे. दुसरं काही मनातच आलं नाही. तू मला फसवत होतीस तेव्हाही मी तुझ्या बाजूनेच विचार करत होते, ह्याची आज मला चीड येते.

आज मी खोलीचं दार लावून घेतलं. रुमाल बुडवले, पिळले, आणि भांडं मोरीवर तिरपं धरलं. कुणी बघत नव्हतं. ओतलं की संपलं. दादा खूश, माझं ताट पक्कं, आणि तुझी-माझी बरोबरी. हात वळेना, ताई. भांडं आणखी तिरपं केलं, काठावरून दोन थेंब माझ्या पायावर पडले, पण वळेना. शेवटी मी ते भांडं घेऊन बाहेर गेले आणि झाडाच्या बुंध्याशी ओतलं. तिथेच बसले आणि खूप रडले. वर बघून रडले नाही, मातीकडे बघूनच.

तू मला फसवलंस. पण जिथे नेलंस तिथे मी फसले नाही. एवढं मला कळलं. आणि ते कळून तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला, कारण हे मला एकटीला कळावं लागलं.

तुझ्या जागी नवी आली आहे. माझ्यापेक्षा लहान, नवरा वारलेला, बोलत नाही. परवा चादर घेऊन माझ्याकडे चालत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. टोकं हातात घेताना माझ्या ओठांवर तुझं वाक्य आलं. रविवारी येतेस का. मी ते गिळलं. उद्या माझंच काही गेलं तर? मग हिच्या खांद्यामागे कोण उभं राहील? इतकं सोपं वाक्य होतं ते, ताई, दुसऱ्याच्या हातात सहज देता येईल असं. ते तू नासवून ठेवलंस.


सोमवार, २४ ऑगस्ट

ताई,

फादरांना हो सांगितलं. सहा सप्टेंबर, रविवार.

दादालाही सांगितलं, जेवताना, समोर बसून. म्हटलं, लपून-छपून करणार नाही, तसलं पुरे झालं. तो म्हणाला, "ती बाई गेली तरी?" मी म्हटलं, "ती गेली तरी." तो माझ्याकडे बघत राहिला. कुलूप उघडत नसलं की बघतो तसा. मग स्वतःचं ताट उचलून खिडकीपाशी गेला. शब्दाचा पक्का आहे. वहिनी आता माझ्याबरोबर स्वयंपाकघरात जेवते. "त्यांचं त्यांच्यापाशी, मला भूक लागते," म्हणाली. दादाने घराचं कुलूप मात्र बदललेलं नाही. कामावरून आले की किल्ली लावताना रोज वाटतं, आज नाही फिरायची, आणि रोज ती फिरते.

माझ्या मागे ऑर्गनवाले काका उभे राहणार आहेत, धर्मपिता म्हणून. मी म्हटलं, मग गाणी कोण वाजवणार? काका म्हणाले, "बिनगाण्याचं होऊ दे. मागच्या खेपेला पुरेशी झाली." सरावात त्यांनी खांद्यावर हात ठेवला. हलका आहे त्यांचा हात, बोटं सारखी हलतात. सवय होईल.

फादरांनी विचारलं, "तिला माफ केलंस का?" मी म्हटलं, नाही. "करशील?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "बरं. ते कुंडापर्यंत घेऊन ये, लपवू नकोस." तेव्हा तसंच घेऊन जाणार आहे.

नवीला अजून विचारलेलं नाही. रोज चादर घेऊन ती येते, रोज वाक्य तोंडाशी येतं आणि मी चिमटे तोंडात धरते. एकदा कुणाला तरी बोलावून बघितल्याशिवाय ते माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि कुणाला बोलवायचं म्हटलं तर मला तू एकटीच सुचतेस. तुला बोलावताना भीती वाटत नाही. आत काय आहे आणि काय नाही हे तुला माहीत आहे. मी तुला फसवीन असं काही उरलेलंच नाही.

तेव्हा ऐक. खांद्यावर हात ठेवायला येऊ नकोस, ती जागा काकांची. साक्ष द्यायला येऊ नकोस. मला बघून तुझं हरवलेलं परत येईल म्हणून तर मुळीच येऊ नकोस, मी काही शेगडी नव्हे. ह्या खेपेला पिशवी ठेवून जागा अडवणार नाही. मागे वळूनही बघणार नाही, कारण मागच्या वेळी फार बघितलं. पण शेवटची बाकं रिकामीच असतात, तुला माहीत आहे.

रविवारी येतेस का? काही करायचं नाही. नुसती बस. नाही आवडलं तर उठून जा, दाराला कडी नसते. फक्त ह्या वेळी जाताना मला सांगून जा.

चिमटी